बोळ, गॅरेजची दारं आणि छत्तीस चित्रकार

आपल्या १९९५च्या दहावीच्या ग्रुपवर गेल्या दिवाळीत एक फोटो आला आणि ग्रुप सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच वाढदिवस आणि सुविचार सोडून कशावर तरी दीडशे मेसेज पडले. फोटो होता शाळेच्या मागच्या फाटकापासून पेठेत निघणाऱ्या बोळाचा. ओळखायला कुणालाच वेळ लागला नसेल. एका बाजूला शाळेची लांबच लांब भिंत, दुसऱ्या बाजूला पेठेतल्या घरांची मागची दारं, मधून उघडं गटार, आणि भिंतीला ओळीने चिकटवलेल्या देवांच्या फरशा. फरशी लागली की त्या जागेपुरता वास थांबायचा आणि चार फूट पुढे सरकायचा. आम्ही मुली त्या बोळातून कधी गेलो नाही. मुलं मधल्या सुट्टीत जायची आणि परत आली की आम्ही नाकं मुरडायचो.

फोटोखाली प्रस्ताव होता. स्नेहमेळाव्याच्या निमित्ताने वर्गणी काढून बोळ रंगवायचा. पुण्याहून चित्रकार बोलवायचे, थोर पुरुषांची चित्रं काढून घ्यायची, टोकाला एक सेल्फी पॉइंट. पंधरा मिनिटांत अठरा जणांनी आकडे जाहीर केले, त्यात मीही होते. मग आपल्यातल्याच एकाने लिहिलं, “ती चपलावाल्याची टपरी आणि इस्त्रीचं टेबल हलवलं की सगळी भिंत मोकळी मिळेल. नगरपालिकेत ओळख आहे.” त्यावर नऊ अंगठे आले. मी अंगठा दिला नाही, पण बोललेही काही नाही.

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने “तू तिकडे असतेस, तिकडचं काहीतरी लिही” असं सांगितलं, तेव्हा मनात आलं की जे ग्रुपवर बोलले नाही तेच लिहावं. मी राहते त्या भागात अशाच एका बोळाचा पन्नास वर्षांचा इतिहास आहे. मी इतिहासाची नव्हे, कॉम्प्युटरची विद्यार्थिनी. आमच्या इतिहासाच्या बाई ‘कारणे द्या’मध्ये माझी तीन कारणं वाचून “चौथं कुठं गेलं?” विचारायच्या. बाई, या वेळी प्रयत्न केला आहे.

सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन भागात चोविसावा आणि पंचविसावा रस्ता यांना जोडणारी एक गल्ली आहे, बामी अ‍ॅली. स्पेलिंगमध्ये ‘ल’ आहे, उच्चारात नाही. लांबी एका ब्लॉकची, म्हणजे रमतगमत चाललं तरी पाच मिनिटांत संपते. घरांची तोंडं दुसरीकडे, या गल्लीत फक्त पाठी: लाकडी कुंपणं आणि गॅरेजची दारं. आपल्या बोळासारखंच.

मिशन हा जुना कामगारांचा भाग. आधी आयरिश आणि जर्मन, दुसऱ्या महायुद्धानंतर मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेली कुटुंबं. १९६०च्या दशकात शहरात ‘पुनर्विकासा’चं वारं होतं. फिलमोर नावाच्या शेजारच्या भागात जुनी घरं पाडून हजारो कृष्णवर्णीय कुटुंबांना हलवलं गेलं होतं. ते पाहिलेल्या मिशनवाल्यांनी संघटना बांधली आणि १९६६ साली आपल्या भागावरची तशीच योजना हाणून पाडली. पाठोपाठ बार्ट या लोकल रेल्वेसाठी मिशन रस्ता खणला गेला. चोविसाव्या रस्त्याचं स्टेशन नोव्हेंबर १९७३मध्ये सुरू झालं. दोन वर्षांनी त्या स्टेशनजवळच्या भिंतीवर मायकेल रिओस आणि त्याच्या साथीदारांनी चित्र काढलं: माणसं खांद्यावर रूळ पेलून उभी आहेत आणि त्यांच्या पाठीवरून गाडी चाललीय. मी वर्षानुवर्षं त्या स्टेशनातून ये-जा केली. ते चित्र मला आवडायचं. आपण खांदा देणाऱ्यांत आहोत की गाडीत, हा प्रश्न मात्र फार उशिरा पडला.

तर बामी अ‍ॅली. १९७२ साली मिया गालाविझ नावाच्या चित्रकर्तीने आसपासच्या मुलांना हाताशी धरून इथलं पहिलं चित्र काढलं. निधी नव्हता, योजना नव्हती. होती ती मुलं आणि एक कुंपण. त्याच सुमारास पॅट्रिशिया रोड्रिगेझ आणि ग्रासिएला कारिल्यो या दोन तरुण चित्रकर्ती याच गल्लीत राहात होत्या. त्यांनीही कुंपण रंगवायला घेतलं. पुढे त्यांना कोन्सुएलो मेंदेझ आणि इरेने पेरेझ येऊन मिळाल्या आणि ‘मुहेरेस मुरालिस्तास’, म्हणजे भिंती रंगवणाऱ्या बायका, असा गट तयार झाला.

या बायकांवर थोडं थांबते, कारण मला यांचीच गोष्ट सगळ्यांत जवळची वाटते. सॅन फ्रान्सिस्कोत भित्तिचित्रांची परंपरा आधीपासून होती. मेक्सिकोचा दिएगो रिवेरा १९३०-३१ साली तिथे येऊन चित्रं काढून गेला होता, पुन्हा १९४०मध्ये आला होता. १९३४ साली मंदीच्या काळात सरकारी पगारावर चित्रकारांनी कॉइट टॉवरच्या आतल्या भिंती रंगवल्या होत्या. पण हे सगळं मोठ्या इमारतींच्या आत आणि बहुतेक पुरुषांचं. बायकांना परातीवर, म्हणजे बांबू-फळ्यांच्या मचाणावर चढून काम झेपणार नाही, असं त्यांचेच सोबती म्हणत. त्या चढल्या. १९७४मध्ये मिशन रस्त्यावर त्यांनी ‘लातिनोअमेरिका’ नावाचं मोठं चित्र पुरं केलं. मग दुसरी तक्रार आली: यात क्रांती कुठंय? बंदुका कुठंयत? त्यांच्या चित्रात कुटुंबं होती, नाच होता, लामा होते, मक्याची आणि घायपाताची रांग होती. घर सोडून आलेल्या माणसाला मक्याचं कणीस दिसणं ही काय चीज असते, हे त्या टीकाकारांना कळलं नसावं. मला अमेरिकेत पहिल्या वर्षी एका दुकानात कोवळी मेथी दिसली होती तेव्हा मी तिथेच उभी राहून रडले होते. (आता सांगायला हरकत नाही. नवऱ्याला वाटलं, पाकीट हरवलं.)

दहा वर्षांनी गल्लीला वेगळं वळण लागलं. एल साल्वादोरमध्ये १९८०पासून यादवी पेटली होती. त्या वर्षी २४ मार्चला आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांना प्रार्थना चालू असताना गोळी घातली गेली. बारा वर्षांच्या त्या युद्धात ७५ हजारांच्या आसपास माणसं मेली. ग्वाटेमालात तर १९६०पासूनच रक्तपात चालला होता. निकाराग्वात अमेरिकेच्या पैशावर बंडखोर लढत होते, आणि साल्वादोरच्या लष्करालाही मदत अमेरिकेचीच. या देशांतून जीव मुठीत धरून निघालेली कितीतरी कुटुंबं मिशनमध्ये येऊन राहिली. ज्या देशाच्या पैशाने घर उद्ध्वस्त झालं त्याच देशात भाड्याने खोली घेऊन राहायचं.

रे पातलान हा शिकागोत वाढलेला, व्हिएतनाम युद्धात जाऊन आलेला चित्रकार. त्याच्या पुढाकाराने १९८४मध्ये छत्तीस चित्रकार बामी अ‍ॅलीत उतरले आणि त्यांनी सत्तावीस चित्रं काढली. उपक्रमाचं नाव ‘प्लाका’, बोलीतल्या स्पॅनिशमध्ये भिंतीवर सोडलेली खूण. विषय दोनच: मध्य अमेरिकेच्या मूळ संस्कृतीचा गौरव आणि तिथल्या अमेरिकी हस्तक्षेपाला विरोध. झेलरबाख कुटुंबाच्या निधीतून अडीच हजार डॉलर मिळाले होते. छत्तीसांत वाटले तर माणशी सत्तर डॉलरही येत नाहीत. म्हणजे मजुरी कुणालाच नव्हती. आणि भिंत तर एकाचीही नव्हती. कुंपण ज्याचं त्याची परवानगी, गॅरेज ज्याचं त्याची परवानगी. मला यातली खरी कला इथेच दिसते. चित्र काढणं एक वेळ शिकता येतं. पण आपल्या परसदारी परदेशातल्या युद्धाचं चित्र काढू द्या, असं सत्तावीस ठिकाणी पटवून देणं? दार रोज उघडायचं त्यांना, गाडी काढायची त्यांना, पाहुण्यांना उत्तर द्यायचं त्यांना.

त्यातलं मिरांडा बर्गमन आणि ओब्रायन थील यांचं चित्र अजून आहे. नाव लांबलचक आहे, अर्थ असा की संस्कृतीच्या पोटात प्रतिकाराचं बीज असतं आणि त्याला मुक्तीचं फूल येतं. नाहीशा केलेल्या आपल्या माणसांचे फोटो हातात धरून उभ्या असलेल्या बायका त्यात आहेत. १९८४च्या सत्तावीसांपैकी आज मोजकीच उरली आहेत. लाकूड कुजतं, ऊन रंग खातं, घरमालक कुंपण बदलतो. जुन्याच्या जागी नवं येतं. एड्सने नेलेल्यांच्या आठवणीचं एक आलं. २००२ साली नेपाळी बायकांचं एक आलं, नाव ‘नया बिहान’. स्पॅनिश अक्षरांच्या त्या गल्लीत हे नाव वाचलं आणि मला उगीचच आपलं कुणीतरी भेटल्यासारखं झालं. २००७मध्ये सिरॉन नॉरिसने एक राक्षसी यंत्रमानव काढला, मिशनमधल्या जुन्या व्हिक्टोरियन घरांचेच हातपाय जोडून केलेला, आणि तो बिल्डरांपासून वस्तीचं रक्षण करतोय. मुलं त्याच्यापुढून हलत नाहीत.

हे चालू राहिलं याचं एक कारण ‘प्रेसिता आइज’ ही संस्था. सुझन आणि लुइस सर्वांतेस या जोडप्याने ती १९७७ साली सुरू केली. पद्धत साधी: चित्राचा आराखडा एकट्याने करायचा नाही, गटाने करायचा, आणि गटात भिंतीजवळ राहणारी माणसं घ्यायची. जुनी चित्रं दुरुस्त करणं हेही काम तेच करतात. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही नवं बांधतो तेव्हा केक कापतात, जुनं सांभाळणाऱ्याला कुणी विचारत नाही. म्हणून मला या संस्थेचं जरा जास्त कौतुक आहे. याच सुझन सर्वांतेस आणि आधी सांगितलेल्या इरेने पेरेझ, मिरांडा बर्गमन अशा सात जणींनी १९९४मध्ये अठराव्या रस्त्यावरची विमेन्स बिल्डिंग वरपासून खालपर्यंत रंगवली. त्या सातांत एक मीरा देसाई आहेत. हे नाव मी फलकावर दोनदा वाचलं होतं.

बामी अ‍ॅली बघून १९९२मध्ये सहा जणांनी थोड्या अंतरावरच्या क्लॅरियन अ‍ॅलीत असंच काम सुरू केलं. तो बोळ नशेच्या सुया आणि लघवीसाठी कुप्रसिद्ध होता. तिथे एक विषय असा ठेवला नाही, ज्याला जे म्हणायचं ते म्हणू दिलं. आजवर तिथे शेकडो चित्रं होऊन गेलीत. वास पूर्ण गेला असं मात्र मी म्हणणार नाही, आणि कुणी चित्रांनी बोळ ‘स्वच्छ’ झाला असं सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

आता अवघड भाग.

मी २००६मध्ये बे एरियात आले. पहिली सहा वर्षं सनीवेलला, जिथे नाक्यावर मराठी ऐकू येतं आणि संकष्टीला मोदक विकत मिळतात. २०१२मध्ये आम्ही मिशनमध्ये भाड्याने घर घेतलं. कारण विचाराल तर: रस्ता जिवंत होता, आणि त्या चित्रांच्या गल्ल्या होत्या. कंपनीची बस सकाळी घराजवळून उचलायची, आत वायफाय, दुपारचं जेवण कंपनीत. घरभाडं ऐकून आम्ही दचकलो होतो, पण देऊ शकलो. आमच्यासारखे हजारो देऊ शकले. जे देऊ शकले नाहीत ते गेले. २००० साली मिशनमध्ये जवळजवळ निम्मी वस्ती लॅटिनो होती, पुढच्या दीड दशकात ती चाळीस टक्क्यांच्या खाली आली.

९ डिसेंबर २०१३ला चोविसावा आणि व्हॅलेन्सिया रस्त्याच्या चौकात आंदोलकांनी एका बड्या कंपनीची बस अडवली. माझी बस दुसऱ्या कंपनीची होती, पण रंगरूप तेच. आमच्या बसेस महापालिकेच्या बसथांब्यांवर फुकट थांबत होत्या. जानेवारी २०१४मध्ये शहराने थांब्यामागे एक डॉलर घ्यायचं ठरवलं. एक डॉलर! आम्ही ऑफिसात त्यावर हसलो होतो, मीसुद्धा.

त्याच महिन्यातल्या एका रविवारी मी बामी अ‍ॅलीत फोटो काढत होते. समोरचं चित्र अचानक हललं. गॅरेजचं दार वर उचललं जात होतं. चित्रातल्या बाईचा चेहरा छताकडे वळला आणि दिसेनासा झाला, आणि खालून एक वयस्क बाई बाहेर आल्या. हातात कपड्यांची टोपली. त्यांनी विचारलं, “इथेच राहतेस?” मी म्हटलं, “नाही, फिरायला आलेय.” मी दोन रस्ते पलीकडे राहात होते. खोटं का बोलले? आमच्या घरात आमच्या आधी एक साल्वादोरी कुटुंब अकरा वर्षं राहात होतं, हे शेजारच्यांनी सांगून आठवडाच झाला होता. त्या बाईंनी मान डोलावली आणि म्हणाल्या, “काढ फोटो. मग दार लावते.” आणि माझ्यासाठी दार पुन्हा खाली केलं.

चित्रांनी भाडी वाढवली असं मी म्हणत नाही. भाडी पगारांनी वाढवली, कमी घरांनी वाढवली. पण ज्या चित्रांनी इथली माणसं आपलं घर सांगत होती, तीच चित्रं घरांच्या जाहिरातीत ‘कलासंपन्न परिसर’ म्हणून छापली जाऊ लागली, हे मी पाहिलंय. अशीच एक जाहिरात पाहून आम्ही ते घर घेतलं होतं. मिशनवाले गप्प बसले नाहीत. आदल्या खेपेच्या तेजीत, १९९८ साली, चुय काम्पुसानो या दिवंगत चित्रकाराचं सतराव्या रस्त्यावरचं प्रचंड चित्र नव्या मालकाने पांढरं फासून टाकलं होतं, तेव्हा त्याच्या घरच्यांनी कोर्टात जाऊन भरपाई घेतली. चित्रकाराला न कळवता चित्र नष्ट करता येत नाही असा कायदा तिथे १९९०पासून आहे. २०१४मध्ये शहराने चोविसाव्या रस्त्याचा पट्टा ‘काये वेंतिक्वात्रो’ म्हणून लॅटिनो सांस्कृतिक परिसर जाहीर केला. तरी २०१८मध्ये ‘गालेरिया दे ला रासा’ या १९७०पासूनच्या कलासंस्थेला भाडं न परवडल्याने चोविसाव्या रस्त्यावरची आपली जुनी जागा सोडावी लागलीच. आम्ही त्याआधीच निघालो होतो. आम्हालाही नंतर ते घर परवडेनासं झालं. त्यात कुणी न्याय शोधू नये.

तर मित्रांनो, त्या नऊ अंगठ्यांबद्दल. बामी अ‍ॅलीत कुणाला हलवून भिंत मोकळी केली नव्हती. भिंत मुळात मोकळी नव्हतीच, तिला दारं होती आणि दारामागे माणसं होती. आपल्या बोळातही आहेत. तो चपलावाला म्हणजे आपल्या दप्तरांचे बंद शिवून देणाऱ्यांचा मुलगा आहे, हे किती जणांना माहीत होतं? मला नव्हतं. गावात राहणाऱ्या आपल्या मैत्रिणीला मी फोन केला तेव्हा तिने सांगितलं. स्वच्छता सर्वेक्षणाच्या वर्षी स्टँडजवळच्या भिंतीवर काढलेली वारली चित्रं आठवा. ठेकेदाराने काढली, बिल निघालं, आणि तिसऱ्या पावसाळ्यात त्यावर क्लासच्या जाहिराती आल्या. त्या भिंतीमागे कोण राहतं, हे कुणी विचारलं नव्हतं.

त्या मैत्रिणीने मग दोन रविवार घालवून बोळातलं एकेक दार वाजवलं. चौदा दारं आहेत. नऊ घरांनी ‘काढा’ म्हटलं, तिघांनी ‘आधी गटार झाका’ म्हटलं (यांचंच बरोबर आहे), एक घर बंद आहे, आणि एका आजींनी सांगितलंय की काय काढायचं ते काढा, पण देव नको, देवांनी या बोळात पुष्कळ सोसलंय. गटारासाठी अर्ज दिलाय. आपले चित्रकलेचे सर यायला तयार आहेत. मी फोनवर सगळी योजना सांगितली, मुहेरेस मुरालिस्तासपर्यंत सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “रंग कुठला घेणार? पोस्टर कलर घेतलात तर पहिल्या पावसात जाईल.” इंटरमीजिएटला बी ग्रेड मिळालेल्या विद्यार्थिनीशी ज्या सुरात बोलायचं, त्याच सुरात. आठवीतली मुलं आणि बोळातली मुलं मिळून आराखडा करतील, आपण थोरांनी फक्त रंग आणि शिडी धरायची, असं सरांनीच ठरवून टाकलं.

वर्गणीचे पैसे तसेच आहेत. पुण्याच्या चित्रकारांना नम्रपणे कळवलंय. आणि ज्याने टपरी हलवायची सूचना केली होती, त्याला मी या लेखाचा मसुदा आधी पाठवला, कारण मागून बोलणं बरं नव्हे. दोन दिवस उत्तर नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्याचा मेसेज आला: “टपरीचं झाकण मोजून आलो. साडेचार बाय सहा फूट. पत्रा आहे, आधी प्रायमर लागेल. तो म्हणतो त्याला बैल पाहिजे.”